हात कांपूं लागण्यापूर्वीं

महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेच्या कडेस, नागपूर-भंडारा-साकोली करीत छत्तीसगडाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सडक अर्जुनी हें तालुक्याचें गांव आहे. गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी नांवाचीं तालुक्याचीं गांवें दोन. एक मोरगांवाशेजारचें आणि दुसरें सडकेवरचें, म्हणून याच्या नांवास सडक जी चिकटली ती कायमची. सभोंवार धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळांतील तलाव, आणि जवळच नवेगांवचें जंगल. तापखोकल्याची सोय गांवांतच होते. परंतु मज्जातंतूंचा कांहीं विकार उद्भवला म्हणजे बहुधा हीच सडक धरून शंभराहून अधिक किलोमीटरांवरील नागपूर गांठावें लागतें. साहजिकच जाण्याचा बेत घरांत पुष्कळ दिवस शिजत राहातो. ज्या आजारांत पहिले दिवसच नव्हेत, तर पहिलीं वर्षेंच नकळत निघून जातात, अशा आजारांत ही दिरंगाई फार नडते. कंपवात, ज्यास डॉक्टर लोक पार्किन्सनचा रोग म्हणतात, तो अशांपैकींच एक होय. त्याच्याविषयीं अलीकडे जें नवें ज्ञान हातीं आलें आहे तें प्रयोगशाळेंतून आपल्या माजघरापर्यंत येण्याजोगें आहे, म्हणून हा लेख.

अशा गांवांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. आजोबा निवृत्त हेडमास्तर. तीन पिढ्या एका छपराखालीं. आजोबांचें अक्षर म्हणजे मोत्यांचा सर. तें वर्ष-दोन वर्षांत बारीक होत चाललें. ओळीच्या आरंभीं ठीक, आणि शेवटाकडे मुंगीएवढें. पेन्शन काढावयाच्या दिवशीं बँकेंतला कारकून म्हणतो, "गुरुजी, सही जुळत नाहीं. अंगठा द्या." ज्यानें उभ्या जन्मांत शेंकडों पोरांचा अंगठा सोडवून त्यांस सही करावयास शिकविलें, त्याला अंगठा द्यावयास सांगणें म्हणजे काय, हें ज्याचें त्यालाच ठाऊक! घरीं मात्र सर्व गोष्टींचा निकाल दोन शब्दांत लागतो : वय झालें. उजवा खांदा दुखतो, वय झालें. चालतांना एक हात हालत नाहीं, वय झालें. सदऱ्याचीं बटणें लावावयास वेळ लागतो, वय झालें. आजी असतील तर रांगोळीची रेघ आंखूड होते, पोळी लाटतांना हात अडखळतो, निऱ्या नीट पडत नाहींत. आणि चेहऱ्यावर हंसूं उमटेनासें झालें म्हणजे सून मनांत म्हणते, मामंजी आपल्यावर रागावलेले दिसतात. वस्तुतः मनांत राग मुळींच नसतो. रोगानें चेहऱ्याचे स्नायु मंद झालेले असतात. या एका गैरसमजानें किती घरांत कडवटपणा पेरला असेल, कोण जाणे.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, वरच्या वर्णनांत हात कांपण्याचा उल्लेखहि नाहीं. कंप हें या रोगाचें प्रसिद्ध लक्षण खरें, पण तें सर्वांत पहिलें असतेंच असें नाहीं, आणि कित्येक रुग्णांत तें कधींच ठळकपणें दिसत नाहीं. मंदपणा आणि ताठरपणा हींच या रोगाचीं खरीं अंगें.

रोग जुनाच आहे. आपल्या माधवनिदानांत 'वेपथु' या नांवानें कंपाचें वर्णन आढळतें. लंडनमधील हॉक्स्टन भागांत वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं या रोगावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत रुग्ण अवघे सहा, आणि त्यांतील कांहीं तर त्यानें केवळ रस्त्यांत येतां-जातां पाहिलेले. तरी त्याचें वर्णन इतकें नेमकें उतरलें कीं, पुढें पॅरिसच्या शार्को या विख्यात मज्जाविकारतज्ज्ञानें रोगास त्याचेंच नांव दिलें. आपल्याकडे या रोगाची एक लक्षांत राहाण्याजोगी पाहणी मुंबईंत झाली. डॉ. भरुचा व त्यांचे सहकारी यांनीं पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसें तपासलीं, आणि त्यांत ४६ जणांस हा रोग असल्याचें १९८८ सालीं प्रसिद्ध केलें. लाखीं सुमारें ३२८ असें हें प्रमाण पडतें. पारशी समाजांत वृद्धांची संख्या मोठी आणि हा रोग वयाबरोबर वाढणारा, हें ध्यानांत घेऊनच तो आंकडा वाचावा. तरीपण दार ठोठावून शोधल्यावांचून अशा रोग्यांचा पत्ता लागत नाहीं, हें त्या पाहणीनें चांगलें दाखविलें.

आतां रोग होतो तो कोठें, तें पाहूं. मेंदूच्या तळाशीं मध्यभागीं काळसर पेशींचे दोन लहान पट्टे आहेत. शरीरशास्त्रज्ञांनीं त्यांस 'काळें द्रव्य' असेंच नांव दिलें आहे. १९१९ सालीं पॅरिस येथें त्रेत्याकोफ या डॉक्टरानें आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, कंपवातानें मृत्यु पावलेल्यांच्या मेंदूंत या पट्ट्यांतील पेशी नष्ट झालेल्या असतात. या पेशी डोपामीन नांवाचें रसायन तयार करतात, आणि आपली प्रत्येक हालचाल सुरळीत होण्यास तें लागतें. १९६० सालीं व्हिएन्ना येथें एरिंगर व होर्निकिविच यांनीं रुग्णांच्या मेंदूंत डोपामीनचा मोठा तुटवडा असल्याचें सिद्ध केलें. डोपामीन थेट दिलें तर तें रक्तांतून मेंदूंत शिरत नाहीं. परंतु त्याचें पूर्वरूप, लेव्होडोपा, शिरतें. १९६७ सालीं अमेरिकेंत कोट्झियस यानें तें मोठ्या मात्रेनें देऊन जखडलेल्या रुग्णांस हिंडतें-फिरतें केलें. आजहि या रोगावरील मुख्य औषध तेंच आहे.

येथें एक गोष्ट अभिमानानें सांगण्यासारखी आहे. आपल्या रानांत वाढणारी, अंगास लागली असतां आग करणारी खाजकुइली, जिला आयुर्वेदांत कपिकच्छू अथवा आत्मगुप्ता म्हणतात, तिच्या बियांतून हेंच लेव्होडोपा १९३७ सालीं दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें होतें. म्हणजे कोट्झियसच्या यशापूर्वीं बरोबर तीस वर्षें. पुढें १९७८ सालीं मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनीं या बियांच्या चूर्णाचा रुग्णांवर प्रयोग करून तो प्रसिद्ध केला. मात्र यावरून कोणीं घरच्या घरीं बिया कुटून घेऊं नयेत. एका वेलीच्या बियांत औषध किती आणि दुसरीच्या किती, याचा नेम नसतो. आणि गोळ्या चालू असतां वरून चूर्ण घेतलें तर मात्रा दुप्पट होऊन नसते उपद्रव होतात.

लेव्होडोपा तूट भरून काढतें, पण पेशींचें मरण थांबवीत नाहीं. विहिरीचे झरे आटत असतां वरून घागरी ओतण्यासारखें तें आहे. झरे कां आटतात, आणि मुख्य म्हणजे कधींपासून आटूं लागतात, हा खरा प्रश्न. लक्षणें स्पष्ट दिसेपर्यंत काळ्या द्रव्यांतील पेशींचा मोठा भाग गेलेला असतो, हें आतां निश्चित झालें आहे. तेव्हां रोगाचा जन्म आणि त्याचें बारसें यांच्यामध्यें पुष्कळ वर्षें लोटतात. त्या मधल्या वर्षांत शरीरांत कांहीं खूण उमटते काय? गेलीं तीस-पस्तीस वर्षें शास्त्रज्ञ ज्याचा माग काढीत आहेत, तो हाच शोध. आणि या शोधांत त्यांस दोन वाटा सांपडल्या. एक प्रथिनांची आणि दुसरी दाहाची.

पहिली वाट अशी. १९१२ सालीं लेव्ही या जर्मन डॉक्टरानें रुग्णांच्या मेंदूंतील पेशींत सूक्ष्मदर्शकाखालीं गोल गोल गोळे पाहिले. हे गोळे कशाचे, हें कळावयास पंचाऐंशी वर्षें जावीं लागलीं. १९९७ सालीं दोन शोध लागोपाठ लागले. दक्षिण इटलींतील कोंतुर्सी गांवचें मूळ असलेल्या एका मोठ्या कुटुंबांत हा रोग पिढ्यानुपिढ्या चालत आला होता. त्या कुटुंबांत व कांहीं ग्रीक कुटुंबांत एकाच प्रथिनाच्या आनुवंशिक आराखड्यांत बिघाड आढळला. त्या प्रथिनाचें नांव आल्फा-सायन्यूक्लिन. त्याच वर्षीं केंब्रिज येथील स्पिलान्तिनी, गोडर्ट प्रभृतींनीं दाखविलें कीं, लेव्हीचे ते गोळे मुख्यतः याच प्रथिनाचे बनलेले असतात, आणि तेंहि ज्यांच्या कुळांत हा रोग नाहीं अशा सामान्य रुग्णांत. एका घराण्याची वंशावळ जपून ठेविली गेली म्हणून जगभरच्या रोग्यांचें कोडें उलगडण्यास मदत झाली, ही गोष्ट आपल्यासारख्या कुळाचार सांभाळणाऱ्या लोकांस विशेष वाटावी.

प्रथिनें म्हटलें कीं आपणांस डाळ, दूध आठवतें. परंतु येथें जीं प्रथिनें अभिप्रेत आहेत तीं शरीर स्वतः घडवितें, आणि त्यांच्या हजारों जाती आहेत. आल्फा-सायन्यूक्लिन हें त्यांतलेंच, १४० कड्यांच्या लहानशा सांखळीसारखें एक. निरोगी मेंदूंतहि तें भरपूर असतें व मज्जातंतूंच्या टोंकांशीं आपलें काम करीत असतें. बिघाड होतो तो त्याची घडी चुकल्यामुळें. चुकीच्या घडीचा एक कण चांगल्या कणास लागला कीं त्यासहि तशीच घडी घालतो. तो तिसऱ्यास बिघडवितो. आणि असें करतां करतां तंतु आणि गोळे तयार होतात. आमच्या वाचकभगिनींस हें समजावयास मुळींच कठीण नाहीं. पातेलेंभर दुधास चमचाभर विरजण लावून ठेवावें आणि सकाळीं सारें दहीं झालेलें असावें, तसाच हा प्रकार. २००८ सालीं याचा विलक्षण पुरावा मिळाला. कांहीं रुग्णांच्या मेंदूंत पूर्वीं नव्या कोवळ्या पेशींचें रोपण केलेलें होतें. दहा-बारा वर्षांहून अधिक काळानें ते रुग्ण वारले तेव्हां त्या बाहेरून आणलेल्या पेशींतहि लेव्हीचे गोळे आढळले. नव्या दुधास जुनें विरजण लागलें होतें.

हीच युक्ति शास्त्रज्ञांनीं परीक्षेसाठीं वापरली. रुग्णाच्या पाठीच्या मणक्यांतून सुईनें थोडें पाणी काढावयाचें, तें शुद्ध, निरोगी सायन्यूक्लिनच्या द्रावणांत घालून ऊब द्यावयाची व हालवीत ठेवावयाचें. पाण्यांत बिघडलेला एखादा कण जरी असला, तरी त्याचें विरजण लागून सारें द्रावण तंतुमय होतें, व त्यांत घातलेला एक विशिष्ट रंग चमकूं लागतो. कण नसेल तर दूध दूधच राहातें. २०१६ च्या सुमारास ही परीक्षा प्रथम प्रसिद्ध झाली, आणि २०२३ सालीं ११२३ जणांवर केलेल्या मोठ्या परीक्षेचा निकाल बाहेर पडला. कंपवाताच्या शंभर रुग्णांपैकीं सुमारें ८८ जणांत ती परीक्षा रोग दाखविते, आणि शंभर निरोगी माणसांपैकीं सुमारें ९६ जणांस निरोगी ठरविते. ज्यांची वास घेण्याची शक्ति गेलेली आहे त्यांच्यांत ती याहूनहि अचूक ठरली. २०२४ सालीं अमेरिकेंत त्वचेचे बारीक तुकडे घेऊन त्यांतील मज्जातंतूंत हेंच प्रथिन शोधण्याची रीतहि यशस्वी झाली. तिनें शंभरांत सुमारें ९३ रुग्ण ओळखले.

दुसरी वाट दाहाची. दाह म्हणजे काय, हें रोमन ग्रंथकार केल्सस यानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं चार शब्दांत सांगून ठेविलें आहे : लाली, ऊष्णता, सूज आणि वेदना. पायांत कांटा मोडला म्हणजे हीं चारहि आपण अनुभवतों. मेंदूंतील दाह मात्र मुका असतो. मेंदूच्या गाभ्यास वेदना जाणणारे तंतूच नाहींत. तेथें दाहाचें काम मायक्रोग्लिया नांवाच्या बारीक पेशी करतात. १९१९ सालीं स्पेनमधील रिओ-ओर्तेगा यानें त्यांचें वेगळेपण प्रथम दाखविलें. या पेशी म्हणजे मेंदूचे जागले होत. एरवीं फांद्या पसरून त्या शांतपणें पहारा करीत असतात. मेलेली पेशी उचलावी, घाण साफ करावी, शिरलेल्या जंतूस मारावें, हें त्यांचें काम. पण सायन्यूक्लिनचे बिघडलेले कण बाहेर सांडले कीं त्यांस चोराची चाहूल लागल्यासारखें होतें. मग त्या फुगतात, एकमेकींस हांका मारणारीं रसायनें सोडतात व विषारी द्रव्यें फवारतात. चोर सांपडला तर ठीक. पण चोर अंधारांत, आणि जागल्याच्या हातीं पेटता टेंभा, अशा वेळीं शेजारचें धानाचें पुंजणें पेट घेतें. काळ्या द्रव्यांतल्या पेशी मुळांतच नाजूक. त्या आगींत पहिल्यानें त्याच सांपडतात.

ही केवळ उपमा नव्हे. १९८८ सालीं कॅनडांतील मॅक्गियर दांपत्य व त्यांचे सहकारी यांनीं मृत रुग्णांच्या काळ्या द्रव्यांत अशा चवताळलेल्या मायक्रोग्लिया प्रत्यक्ष दाखविल्या. १९९४ सालीं जपानी संशोधकांस रुग्णांच्या मेंदूंत आणि मणक्यांतील पाण्यांत दाहाची हांक देणारें एक प्रथिन वाढलेलें आढळलें. याहून बोलकी हकीकत कॅलिफोर्नियांतील आहे. १९८२ सालीं तेथें कांहीं तरुणांनीं चोरून बनविलेलें एक मादक द्रव्य टोंचून घेतलें. त्यांत एम-पी-टी-पी नांवाचें विष चुकून तयार झालें होतें, आणि ते तरुण थोड्या दिवसांत म्हाताऱ्या कंपवातींसारखे जखडून गेले. १९९९ सालीं त्यांपैकीं तिघांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी प्रसिद्ध झाली. विष एकदांच अंगांत गेलेलें, त्यासहि कैक वर्षें लोटलेलीं. तरी मायक्रोग्लिया अद्याप पेटलेल्याच होत्या. आग लावणारा केव्हांच निघून गेला आणि आग मात्र धुमसतच राहिली. पुढें २०१७ सालीं असेंहि दिसलें कीं, कांहीं रुग्णांच्या रक्तांतील संरक्षक पेशी सायन्यूक्लिनच्या तुकड्यांस परका समजून त्यांवर उठतात.

तर मग दाह हें रोगाचें कारण कीं परिणाम? माझ्या मतें हा वाद बीज आधीं कीं वृक्ष आधीं यासारखा आहे. बिघडलेलें प्रथिन दाह पेटवितें, आणि दाह पेशींस जर्जर करून आणखी प्रथिन बिघडवितो, असें चक्र एकदां सुरू झाल्यावर पहिला धक्का कोणीं दिला, याची चौकशी रुग्णाच्या फारशी उपयोगी पडत नाहीं. चक्र थांबवावयाचें कोठें, हें महत्त्वाचें. कांहीं विद्वानांचें तर म्हणणें असें कीं, पहिला धक्का मेंदूंत बसतच नाहीं. २००३ सालीं जर्मनींतील ब्राक यानें मत मांडलें कीं, कित्येक रुग्णांत रोगाची वाटचाल नाकांतून अथवा आंतड्यांतून मेंदूकडे होते. हातापायांच्या लक्षणांआधीं कित्येक वर्षें बद्धकोष्ठ जडतो व वास येईनासा होतो, हा अनुभव या मताशीं जुळतो.

आतां मणक्यांतून पाणी काढणें हा कांहीं गंमतीचा प्रकार नव्हे. त्यापेक्षां दंडांतून चमचाभर रक्त घेऊन काम भागलें तर? या दृष्टीनें २०२४ च्या जून महिन्यांत लंडनचें युनिव्हर्सिटी कॉलेज आणि जर्मनींतील गॉटिंगेन येथील शास्त्रज्ञांनीं जें काम प्रसिद्ध केलें तें महत्त्वाचें आहे. तें समजण्यासाठीं झोपेचा एक विकार माहीत असावा लागतो. स्वप्न पडत असतां आपले हातपाय निसर्गतः लुळे असतात, म्हणून स्वप्नांत धांवलों तरी आपण अंथरुणांतच राहातों. कांहीं माणसांत हें बंधन सुटतें. तीं झोपेंत ओरडतात, लाथा झाडतात, शेजारच्यास बुक्की मारतात. १९८६ सालीं अमेरिकेंतील शेंक, माहोवाल्ड प्रभृतींनीं या विकाराचें वर्णन केलें, आणि नंतर कळून आलें कीं, तो कंपवाताचा अग्रदूत असतो. अनेक देशांतील अशा रुग्णांचा पाठपुरावा करून २०१९ सालीं काढलेला निष्कर्ष असा कीं, बारा वर्षांत त्यांच्यापैकीं सुमारें तीन चतुर्थांश लोकांस कंपवात किंवा त्याच्या जातीचाच दुसरा विकार जडतो. आपल्या घरांत याची नोंद वैद्याकडे होत नाहीं. "यांना झोपेंत भूत दिसतें," असें म्हणून आजी दहा वर्षांपूर्वींच आपली खाट वेगळी करून मोकळ्या झालेल्या असतात!

लंडन-गॉटिंगेनच्या शास्त्रज्ञांनीं प्रथम कंपवाताचे नवे रुग्ण आणि निरोगी माणसें यांच्या रक्तांतील प्रथिनें ताडून पाहिलीं, आणि यंत्रगणकाच्या साहाय्यानें आठ प्रथिनांचा एक संच निवडला. त्या आठांच्या मापांवरून रुग्ण कोण आणि निरोगी कोण, हें त्यांच्या पाहणीपुरतें बिनचूक ओळखतां आलें. मग झोपेचा वरील विकार असलेल्या ७२ जणांचें रक्त त्याच मापानें तपासलें, तेव्हां शंभरांतील ७९ नमुने कंपवाताच्या रुग्णांसारखे निघाले. आणि पुढें ज्या १६ जणांस प्रत्यक्ष रोग जडला त्यांचें भाकीत या परीक्षेनें आधींच, कांहींच्या बाबतींत सात वर्षें आधीं, केलेलें होतें. विशेष हें कीं, या आठांत निम्मीं-अधिक प्रथिनें दाहाशीं संबंध असणारीं आहेत. 'कॉम्प्लिमेंट' नांवाची रक्तांतील जी संरक्षक फळी आहे तिचा सी-३ हा मोठा घटक, त्याच फळीस आवर घालणारें एक व चेतविणारें एक, आणि दाहाच्या वेळीं रक्तवाहिनीच्या भिंतीवर पांढऱ्या पेशींस चिकटून धरणारें आणखी एक, अशीं तीं प्रथिनें आहेत. म्हणजे प्रथिनांची वाट आणि दाहाची वाट शेवटीं एकाच रक्ताच्या थेंबांत येऊन मिळाल्या.

हें वाचून कोणा उत्साही नातवानें आजोबांस घेऊन लागलीच एखादी रक्ततपासणीची दुकानवजा प्रयोगशाळा गांठूं नये. ती आठ प्रथिनांची परीक्षा संशोधनाची आहे, रोजच्या वैद्यकाची नव्हे. आणि तिचें माप थोड्याशा युरोपीय रुग्णांवरून बसविलेलें आहे. परक्यांचें माप आपणांस जसेंच्या तसें लागू पडतें असें धरून चालणें बरें नव्हे. आनुवंशिक कारणांचेंच पाहा : पूर्व युरोपांतून आलेल्या ज्यू लोकांत व उत्तर आफ्रिकेंतील बर्बर लोकांत या रोगास कारण होणारा एक जनुकबिघाड वारंवार आढळतो, तो भारतीयांत क्वचितच दिसतो. शिवाय दाहाच्या खुणा कोणत्याहि आगीचा धूर दाखवितात. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन नांवाची जी स्वस्त तपासणी आपल्याकडे सर्रास होते ती दांताच्या गळवानें वाढते, न्यूमोनियानें वाढते, सांध्यांच्या सुजेनें वाढते. पूर्व विदर्भ हा हिवतापाचा आणि हत्तीरोगाचा पूर्वापार प्रदेश. तेथील माणसाच्या रक्तांत दाहाचें एखादें प्रथिन वाढलेलें दिसलें तर त्यावरून मेंदूविषयीं कांहीं अनुमान काढणें म्हणजे गांवांत धूर दिसला म्हणून अमक्याच घरास आग लागली असें म्हणण्यासारखें होय.

दाह आहे तर दाहनाशक गोळ्या घ्याव्या, हाहि विचार कोणाच्या मनांत येईल. आयबुप्रोफेन नांवाची वेदनाशामक गोळी नेमानें घेणाऱ्यांत हा रोग कांहींसा कमी आढळला, असें अमेरिकेंतील मोठ्या पाहण्यांत दिसलें आहे खरें. पण असें आढळणें निराळें आणि गोळीनें रोग टळणें निराळें. त्या गोळ्या वर्षानुवर्षें घेतल्यानें जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात, ही गोष्ट मात्र अगदीं सिद्ध आहे. म्हाताऱ्या माणसानें तो सौदा करूं नये.

मग नागपूरची वारी कशासाठीं? तर निदान अजूनहि मुख्यतः जाणत्या डॉक्टरच्या डोळ्यांनीं व हातांनींच होतें म्हणून. कंपवातासारखा दिसणारा प्रत्येक विकार कंपवात नसतो. चक्कर येते म्हणून महिनेन्‌महिने घेतलेली सिनारिझीन किंवा फ्लुनारिझीन, ओकारीवरची मेटोक्लोप्रमाइड, मानसिक विकारावरचीं कांहीं औषधें यांनीं हुबेहूब असाच ताठरपणा येतो, आणि औषध बंद केल्यावर तो बहुधा ओसरतो. म्हणून घरांतल्या सर्व गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी. कंपवाताचे दुसरे दोन-तीन भाऊबंद याहून वेगानें वाढणारे असतात. त्यांत मज्जातंतूंच्या झिजेचें 'न्यूरोफिलामेंट' नांवाचें प्रथिन रक्तांत बरेंच अधिक सांपडतें, आणि मोठ्या केंद्रांतील तज्ज्ञांस रोग निवडतांना त्याची मदत होऊं शकते.

आधींच कळून उपयोग काय, असें कोणी विचारील. रोगाची चाल निश्चितपणें थांबविणारें औषध आज हातीं नाहीं, तेव्हां धडधाकट माणसाच्या मणक्यांत सुई घालून त्याच्या मनावर दहा वर्षें आधींच ओझें टाकणें मला तरी योग्य वाटत नाहीं. ज्यांनीं संशोधनास मदत म्हणून स्वेच्छेनें हें पत्करलें, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यामुळेंच उद्यांचीं औषधें योग्य माणसांवर, योग्य वेळीं तपासतां येतील. परंतु ज्यास लक्षणें दिसूं लागलीं आहेत त्याचें निदान लवकर झालें तर फायदा आजच आहे. औषधानें त्याचीं कित्येक वर्षें चांगलीं जातात, आणि घरांतला 'वय झालें'चा घोष थांबतो. बँकेस डॉक्टरचा दाखला दाखवितां येतो. सुनेचा गैरसमज दूर होतो. व्यायामाचें महत्त्व तर सर्वच तज्ज्ञ एकमुखानें सांगतात; रोज दम लागेपर्यंत चालणें, ताल धरून पावलें टाकणें, मोठ्यानें वाचणें. पुण्याचें पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्था रुग्ण व त्यांचे आप्त यांस एकत्र आणून हेंच काम करीत आल्या आहेत.

एक लहानशी गोष्ट स्वयंपाकघराच्या धनिणीसाठीं. लेव्होडोपा आंतड्यांतून रक्तांत शिरतांना अन्नांतल्या प्रथिनांशीं त्याची दाराशींच गर्दी होते. गोळी आणि वरणभात, किंवा गोळी आणि दूध, एकाच वेळीं पोटांत गेलें तर वरण आंत जातें आणि गोळी बाहेर ताटकळत राहाते. मग घरचे म्हणतात, औषध लागूं पडत नाहीं. गोळी जेवणाआधीं अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर द्यावी. ती दिल्यानें मळमळूं लागलें तर बरोबर एखादा कोरडा टोस्ट अथवा मूठभर मुरमुरे चालतील, दूध नको. आणि गोळीच्या वेळा घड्याळाप्रमाणें पाळाव्या. पूजा लांबली, पाहुणे आले, म्हणून त्या पुढें ढकलूं नयेत.